छपरात शिरलेल्या खारी: इजा न करता बाहेर काढणे आणि पुन्हा येऊ न देणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

छपरात खारच आहे, उंदीर नाही, हे कसे ओळखावे?

आवाज कोणत्या वेळी येतो, याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. खार दिवसा वावरणारी आहे. उजाडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत आणि पुन्हा उन्हे कलल्यावर तिची धावपळ वाढते, आणि अंधार पडला की छत शांत होते. उंदरांची खुडबुड मात्र दिवेलागणीनंतर सुरू होते आणि मध्यरात्रीही चालू राहते. उडणाऱ्या खारी निशाचर असल्यामुळे त्या या नियमाला अपवाद आहेत. आवाजाच्या जातीतही फरक असतो: खारीची धाव टपटप आणि जोरकस ऐकू येते, आणि मधूनच एखादे कठीण कवचाचे फळ छतावरून गडगडत गेल्यासारखे वाटते. एवढ्यावर शंका फिटत नसेल, तर सकाळच्या वेळी घराबाहेर थोडे लांब उभे राहून वळचणीकडे शांतपणे पाहत राहावे. खार ज्या फटीतून ये-जा करते ती फट ती स्वतःच दाखवून देते.

खारी घराच्या छपरातच का येतात?

झाडाची ढोली हे खारीचे पसंतीचे घर असते: कोरडे, अंधारे, अरुंद तोंडाचे आणि उंचावरचे. पोटमाळा, फॉल्स सिलिंगवरची पोकळी किंवा कौलांखालची जागा यांत हे सारे गुण आयतेच असतात. त्यातही पिल्ले घालायची वेळ आलेली मादी अशी जागा मुद्दाम हेरते, त्यामुळे छपरातली खार ही बरेचदा आई असते किंवा होणार असते. पुढच्या उत्तरांतील बराचसा सावधपणा याच कारणाने आहे.

त्यांना तसेच राहू दिले तर काय बिघडेल?

खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी तिला सतत काही ना काही कुरतडावे लागते. लाकूड, प्लास्टिकचे पाइप आणि विजेच्या तारांचे आवरण यांत तिच्या लेखी फारसा भेद नसतो. उघडी पडलेली तार हा यातला खरा धोका आहे, कारण त्यातून शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. मलमूत्राचे डाग, दबलेले उष्णतारोधक अस्तर आणि तोंडाशी हळूहळू रुंदावत जाणारे भोक हे नुकसान त्यानंतर येते. तरीही प्रत्येक वेळी घाई करण्याचे कारण नसते. घरटे वळचणीच्या बाहेरच्या अंगाला असेल आणि जवळपास तारा नसतील, तर पिल्ले मोठी होऊन निघून जाईपर्यंत थांबणे आणि मग ती जागा बंद करणे, हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

सुरुवात कुठून करावी?

पाहणीपासून. जाळी, सापळा किंवा औषध विकत घेण्याआधी छपराची बाहेरून पूर्ण फेरी करावी आणि शक्य असल्यास आत शिरूनही पाहावे. बाहेरून वळचण, आढ्याजवळची कौले, छप्पर आणि भिंत यांचा सांधा, पन्हळीमागची फळी, हवेच्या झरोक्यांच्या जाळ्या आणि पाइप किंवा केबल आत जातात ती भोके तपासावीत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या मोठ्या करड्या खारीला सुमारे ४ सेंटीमीटरची फट पुरते. लहान पट्टेरी खार त्याहूनही अरुंद जागेतून आत जाते.

वापरातले भोक आणि जुने, सोडून दिलेले भोक यांत फरक करता येतो. वापरातल्या भोकाच्या कडा अंगाच्या घासण्याने गुळगुळीत आणि किंचित काळपट, तेलकट झालेल्या असतात. जिथे नुकतेच कुरतडले आहे तिथे लाकडाचा आतला फिकट रंग उघडा पडतो आणि त्यावर शेजारी शेजारी दोन बारीक चर दिसतात, कारण पुढचे दोन दात एकत्रच लाकडात घुसतात. जुन्या भोकाच्या कडा हवेने करड्या पडतात आणि बहुधा कोळ्याचे जाळे तिथे शाबूत असते. दिवसाउजेडी पोटमाळ्यावर दिवा मालवून उभे राहिल्यास बाहेरचा उजेड ज्या ज्या फटीतून आत येतो ती प्रत्येक फट डोळ्यांना दिसते. ही युक्ती साधी असली तरी बाहेरून केलेल्या पाहणीत निसटलेल्या बऱ्याच जागा तिच्यामुळे सापडतात.

शिडीवर एकट्याने चढू नये, ओल्या कौलांवर पाय देऊ नये, आणि कुरतडलेली तार दिसल्यास त्या भागाचा वीजपुरवठा बंद केल्याशिवाय पुढे हात घालू नये.

आत पिल्ले आहेत की नाहीत, हे कसे कळेल?

या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय एकही भोक बंद करू नये. आई बाहेर आणि पिल्ले आत अशी ताटातूट झाली, तर पिल्ले उपासमारीने मरतात, आणि आई आत जाण्यासाठी छपराचा दुसरा भाग फोडून काढते. म्हणजे क्रूरपणाही घडतो आणि छपराचे नुकसानही दुप्पट होते.

करड्या खारीचा गर्भकाळ सुमारे ४४ दिवसांचा असतो आणि एका वेळी साधारणपणे दोन ते चार पिल्ले होतात. जन्मतः ती उघडी, आंधळी आणि बहिरी असतात. डोळे उघडायला चार ते पाच आठवडे लागतात आणि दूध सुटायला आठ ते दहा. थंड प्रदेशांत या खारीचे विणीचे दोन हंगाम असतात, एक हिवाळा संपता संपता सुरू होणारा आणि दुसरा उन्हाळ्याच्या उत्तरार्धातला. उष्ण प्रदेशातल्या पट्टेरी खारींची वीण मात्र वर्षातून अनेकदा होऊ शकते, त्यामुळे तिथे केवळ महिना पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

प्रत्यक्ष खुणा अधिक भरवशाच्या असतात. ये-जा करणाऱ्या खारीच्या पोटावरची स्तनाग्रे ठळक दिसत असतील तर ती पाजणारी आई आहे. ती दिवसातून अनेकदा परत आत जात असेल, तोंडात चिंध्या, कापूस किंवा सुकलेले गवत नेत असेल, किंवा ती बाहेर गेल्यावर छतातून बारीक चिवचिवाट ऐकू येत असेल, तर आत पिल्ले आहेत असे समजूनच वागावे. शंका असेल तेव्हाही तसेच समजावे.

पिल्ले असतील तर काय करावे?

सर्वांत चांगला उपाय म्हणजे थांबणे. पिल्ले आईच्या मागोमाग बाहेर हिंडू लागली की सगळे कुटुंब दिवसा छपराबाहेर असते आणि पुढचे काम सोपे होते. हे थांबणे काही आठवड्यांचे असते, महिनोन्महिन्यांचे नव्हे.

तारा कुरतडल्या जात असल्यामुळे थांबणे शक्य नसेल, तर आईलाच घर बदलायला लावता येते. खारीची मादी शक्यतो एकाच घरट्यावर विसंबून राहत नाही. जवळपास एखादे पर्यायी घरटे तिने हेरलेले असते. तिला जागा असुरक्षित वाटू लागली की ती पिल्लांना एकेक करून तिकडे हलवते. ती पिल्लाला पोटाकडच्या सैल कातडीने तोंडात धरते, पिल्लू तिच्या मानेभोवती वेटोळे घालून घट्ट चिकटते, आणि तशीच ती भिंतीवरून सरसर खाली उतरते. हे घडावे म्हणून पोटमाळ्यावर दिवसा उजेड ठेवावा, माणसांच्या बोलण्याचा आवाज असलेला रेडिओ मध्यम आवाजात लावावा आणि घरट्याला हात न लावता त्या भागात दिवसातून एक-दोनदा वावरावे. तिला या कामासाठी काही दिवसांची सवड द्यावी. त्या काळात तिची वाट मोकळी असलीच पाहिजे, आणि मुसळधार पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत हा प्रयोग करूच नये.

एकदिशा दार म्हणजे काय आणि ते कसे बसवावे?

खारीला बाहेर पडू देणारी पण परत आत येऊ न देणारी झडप म्हणजे एकदिशा दार. बहुतेक प्रकारांत जाळीचा छोटा बोगदा असतो आणि त्याच्या टोकाला वरून लोंबती हलकी झडप असते. खार आतून ढकलते तेव्हा झडप बाहेर उघडते आणि ती गेल्यावर स्वतःच्या वजनाने मिटते. झडप बोटाने सहज ढकलली जाते ना, आणि मिटताना कुठे अडकत नाही ना, हे जमिनीवर असतानाच तपासून घ्यावे. जोरात आपटणारी स्प्रिंग असलेली झडप वापरू नये, कारण शेपटी किंवा मागचा पाय त्यात सापडतो.

आधी मुख्य भोक सोडून बाकीच्या सर्व फटी पक्क्या बंद कराव्यात आणि मगच मुख्य भोकावर दार बसवावे. हा क्रम उलटला तर दार असूनही खार शेजारच्या फटीतून आत येत राहते आणि दार कुचकामी असल्याचा ठपका त्या बिचाऱ्या झडपेवर येतो. दाराभोवतीचे लाकूड किमान १५ सेंटीमीटरपर्यंत धातूच्या जाळीने झाकावे, कारण परत आलेली खार पहिल्यांदा दाराच्या कडेलाच दात लावते. काम सकाळी उशिरा, खारी चरायला बाहेर पडलेल्या असताना करावे. संध्याकाळनंतर भोके बुजवणे म्हणजे झोपायला परतलेल्या खारीला आत कोंडणे होय.

दार तीन ते सात दिवस ठेवावे. पावसाळी हवेत खार एक-दोन दिवस बाहेरच पडत नाही, तेव्हा ते दिवस या हिशेबात धरू नयेत. आणि पुन्हा सांगणे भाग आहे: आत न हलणारी पिल्ले असताना एकदिशा दार लावू नये.

पिंजऱ्यात पकडून दूर रानात सोडणे अधिक दयाळूपणाचे नाही का?

तसे वाटते, पण अनुभव आणि अभ्यास दोन्ही याच्या विरुद्ध आहेत. अमेरिकेत वस्तीतल्या ३८ करड्या खारींना रेडिओपट्टे लावून जंगलात सोडण्यात आले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८८ दिवसांच्या आत त्यांपैकी ९७ टक्के खारी मेलेल्या आढळल्या किंवा सोडलेल्या जागेतून नाहीशा झाल्या. कारणे समजण्यासारखी आहेत. नव्या जागी खारीला लपायची ठिकाणे ठाऊक नसतात, साठवलेले अन्न नसते आणि तिथल्या खारी तिला थारा देत नाहीत. शिवाय पकडलेली खार आई असेल तर छपरातली पिल्ले मागे राहून मरतात. पिंजराही निरुपद्रवी नसतो. उन्हात ठेवलेल्या पिंजऱ्यात खार काही तासांत दगावू शकते, आणि घाबरलेली खार तारांवर तोंड आपटून स्वतःला जखमी करून घेते.

घराच्या दृष्टीनेही याचा उपयोग अल्पकाळच टिकतो. भोक उघडेच राहिल्याने रिकाम्या झालेल्या जागेत परिसरातली दुसरी खार येते. समजा भोक नंतर बुजवायचेच आहे, तर मग पकडण्याची गरज उरत नाही.

विष, चिकट सापळे किंवा धूर वापरला तर?

यांपैकी काहीही वापरू नये. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने प्राणी काही दिवस तळमळून मरतो, बहुधा भिंतीच्या किंवा छताच्या अशा कोपऱ्यात जिथे हात पोहोचत नाही, आणि मग दुर्गंधी आणि माश्या कित्येक दिवस हटत नाहीत. तो मेलेला किंवा मरणासन्न प्राणी खाणारी मांजरे, घुबडे आणि शिकारी पक्षीही त्याच विषाला बळी पडतात. चिकट सापळ्यात अडकलेली खार सुटण्याच्या धडपडीत कातडी फाडून घेते. धुराने पिल्ले गुदमरतात, आणि लाकडी छपराखाली धूर करणे हे आगीला आमंत्रण आहे.

डांबराच्या गोळ्या, मिरचीचा फवारा, अल्ट्रासोनिक यंत्रे यांचा उपयोग होतो का?

डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसांनाही अपायकारक असते आणि छपरातली हवा खेळती असल्याने खारीवर तिचा परिणाम टिकत नाही. घरात मात्र वास राहतो. अमोनियाचेही तेच. अल्ट्रासोनिक यंत्रांना खारी लवकरच सरावतात. मिरचीतील तिखट घटक सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना झोंबत नाही, त्यामुळे पक्ष्यांच्या दाण्यांपासून खारींना दूर ठेवण्यासाठी तो काही काळ उपयोगी पडतो. पावसाने तो धुऊन जातो, आणि त्यावर भिस्त ठेवून छपराचे भोक उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही.

घुबडाच्या प्लास्टिकच्या पुतळ्याबद्दलही वारंवार विचारणा होते. त्याच्या डोक्यावर बसून फळ सोलणारी खार पाहण्याची हौस असल्यास तो जरूर आणावा.

सगळ्या खारी बाहेर गेल्या याची खात्री कशी करावी?

दाराच्या आतल्या बाजूस चुरगाळलेला कागद सैलसर भरून ठेवावा. सलग दोन-तीन कोरड्या दिवसांत तो जागचा हलला नाही, छतातून आवाज आला नाही आणि आतल्या फळीवर भुरभुरलेल्या पिठात पावलांचे ठसे उमटले नाहीत, तर जागा रिकामी आहे असे मानता येते. त्यानंतरही दार काढण्यापूर्वी शक्य असल्यास पोटमाळ्यावर जाऊन घरटे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

भोके कशाने बंद करावीत?

खार दातांनी फोडू शकणार नाही अशा वस्तूने. फोम, लाकडी भुसा आणि डिंकाचे भरण, प्लास्टिकची जाळी, पातळ फळी हे सारे ती एका सकाळीत पार करते. फोम वापरायचाच असेल तर केवळ हवा अडवण्यासाठी वापरावा आणि त्यावर धातूचे आवरण द्यावे. गॅल्व्हनाइज्ड तारेची, १२ ते १३ मिलिमीटर चौकटीची, वेल्ड केलेली जाळी बहुतेक ठिकाणी पुरेशी असते; कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी बारीक जाळी टिकत नाही. सरळ कडांवर आणि वळचणीच्या फळीवर दुमडलेला पत्रा अधिक शोभतो आणि अधिक टिकतो.

जाळी भोकाएवढीच कापून चालत नाही. ती सर्व बाजूंनी १० ते १५ सेंटीमीटर पुढे गेली पाहिजे आणि वॉशर लावलेल्या स्क्रूने बसवली पाहिजे; स्टेपलच्या पिना खार ओढून काढते. खालचे लाकूड कुजलेले असेल तर आधी ते बदलावे, नाहीतर स्क्रूला धरायला काहीच मिळत नाही. कौलारू छपरात फुटलेली आणि सरकलेली कौले बदलून आढ्यावरची फट चुना-सिमेंटने भरावी, आणि वळचणीला वाशांच्या मधल्या मोकळ्या जागांत एकेक जाळीचा तुकडा बसवावा. हे काम किचकट आहे खरे, पण सगळ्या उपायांत वर्षानुवर्षे टिकणारे हेच एक आहे.

हवेचे झरोकेही बंद करावेत का?

नाही. छपराला हवा लागतेच, म्हणून झरोक्यांवर जाळी बसवावी, ते बुजवू नयेत. स्वयंपाकघरातील एक्झॉस्टच्या तोंडावर मात्र बारीक जाळी लावू नये, कारण ती तेलकट थराने तुंबते. तिथे आपोआप मिटणारी धातूची पट्ट्यांची झडप योग्य ठरते. गॅस गीझरच्या किंवा चुलीच्या धुराच्या नळीला हात लावण्याआधी जाणकाराला विचारावे.

घराजवळची झाडे तोडावी लागतील का?

झाड तोडण्याची गरज क्वचितच पडते. मोठी खार अडीच ते तीन मीटर आडवी उडी मारू शकते, म्हणून छपरावर आलेल्या फांद्या तेवढ्या अंतरापर्यंत छाटाव्यात. छाटण्यापूर्वी त्यांत पक्ष्यांची किंवा खारींची घरटी नाहीत, हे पाहावे. एकाकी उभ्या झाडाच्या बुंध्याला जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर ६० सेंटीमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळल्यास खार वर चढू शकत नाही; तो सैल ठेवून खोडाच्या वाढीबरोबर आणखी सैल करत जावे. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या दाटीत हा पट्टा निरुपयोगी आहे. खारी विजेच्या तारेवरून येत असतील तर त्या तारेला स्वतः काहीही लावू नये. ते काम वीज कंपनीचे आहे.

छाटणीने खारींची संख्या कमी होत नाही, वाट तेवढी लांबते. म्हणून छाटणी ही भोके बंद करण्याच्या जोडीने करायची गोष्ट आहे.

घरटे आणि घाण कशी साफ करावी?

सुके घरटे झाडू नये, कारण धूळ श्वासातून आत जाते. हातमोजे आणि चांगला मास्क घालून, जंतुनाशकाचे पाणी शिंपडून सगळे ओले करावे, पिशवीत भरून तोंड बांधावे आणि मग लाकूड पुसून घ्यावे. घरट्यात पिसवा आणि गोचिड्या असू शकतात. खारी गेल्यावर त्या भुकेने खाली खोल्यांत उतरतात, तेव्हा ही सफाई फार लांबणीवर टाकू नये. वास उरला तर तो दुसऱ्या खारींनाही त्या जागेकडे खेचतो. वायरिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

खार छपरातून खोलीत उतरली तर?

तिच्यामागे धावू नये आणि तिच्यावर कापड टाकण्याचाही प्रयत्न करू नये. घरातील मांजर-कुत्र्याला बाहेर न्यावे, आतली दारे लावावीत, एक खिडकी सताड उघडून बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढावेत आणि खोलीतून निघून जावे. एकाच दिशेने उजेड येतो तिकडे ती आपणहून जाते.

एकटे पिल्लू सापडले तर काय करावे?

आधी आईला संधी द्यावी. हातमोजे घालून पिल्लू मऊ कापड घातलेल्या उघड्या खोक्यात ठेवावे, कापडाखाली कोमट पाण्याची नीट झाकण लावलेली बाटली ठेवावी आणि ते खोके भोकाजवळ किंवा जवळच्या झाडाच्या बुंध्याशी सावलीत ठेवून माणसांनी दूर व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. अंधार पडेपर्यंत ती आली नाही, पिल्लू जखमी असेल किंवा मांजराने धरलेले असेल, तर ते वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेकडे किंवा पशुवैद्याकडे न्यावे. तोवर त्याला ऊब द्यावी, गाईचे दूध मात्र पाजू नये. त्याने जुलाब होतात, आणि गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजले तरी ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

खार चावल्यास रेबीज होतो का?

खारींमध्ये रेबीज अत्यंत विरळा आढळतो. तरीही जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावी, कारण धनुर्वात आणि इतर संसर्गांचा विचार करावाच लागतो.

कायद्याचे काय?

खारीला कायद्याने कितपत संरक्षण आहे हे जातीनुसार आणि देशानुसार बदलते. कुठे तिला पकडायला परवानगी लागते, तर ब्रिटनमध्ये पकडलेली करडी खार पुन्हा मोकळी सोडणेच बेकायदा आहे. पिंजरा लावण्याचा विचार असेल तर आपल्या भागातील वन्यजीव अधिकाऱ्यांकडे आधी चौकशी करावी.

व्यावसायिक माणूस बोलावताना काय विचारावे?

पिल्ले आहेत का हे तो कसे तपासतो, आणि भोके बंद करणे त्याच्या कामात धरले आहे का, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. पाहणी न करता थेट पिंजऱ्यांची संख्या सांगणारा माणूस टाळावा.

काम झाल्यावर किती काळ लक्ष ठेवावे?

पहिले दोन आठवडे रोज सकाळी वळचणीकडे नजर टाकावी, कारण हुसकलेली खार जुन्या भोकाशी वारंवार येऊन दात लावून पाहते. जाळी ताणलेली किंवा स्क्रू सैल झालेला दिसला तर त्याच दिवशी दुरुस्त करावा. नंतर वर्षातून दोनदा, विणीचा हंगाम सुरू होण्याआधी आणि जोराच्या वाऱ्यापावसानंतर, छपराची पूर्ण फेरी पुन्हा मारावी; सरकलेले एक कौल किंवा गंजलेला जाळीचा कोपरा लवकर सापडला, तर दुरुस्ती अर्ध्या तासात होते.